रुद्राप्पा मिस्त्रींची पोलादी फूटपट्टी

रुद्राप्पा कर्नाटकातल्या हुक्केरीकडच्या एका खेड्यातून कोल्हापुरात आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. काखेत वडिलांची बाजाची पेटी होती आणि तोंडात मराठीचा एक शब्द नव्हता. शिवाजी पेठेत भाड्याची खोली मिळाली, उचगावच्या एका फौंड्रीत काम मिळालं आणि सोमवारच्या भजनाला पेटीवाला हवाच होता, म्हणून मराठीही मिळाली. पण ती भजनातली. पुढं कितीतरी महिने हा माणूस चहाच्या गाड्यावर "मज अर्धा कप द्यावा" असं हात जोडून मागायचा आणि पेठेतली मंडळी मजा म्हणून त्याला दोनदोनदा मागायला लावायची.

फौंड्रीत ते लाकडी पॅटर्न करायचे. म्हणजे जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी लाकडात घडवायचा, त्याचा वाळूत ठसा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. ओतलेलं लोखंड गार होताना आवळतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी आकडेमोड नको म्हणून या लोकांची फूटपट्टीच वेगळी असते. दिसायला चारचौघींसारखी, पण तिच्यावरचा प्रत्येक इंच अंमळ मोठा. वस्ताद जोतीराम मिस्त्रींनी तशी एक पोलादी फूटपट्टी रुद्राप्पांच्या हातात ठेवली आणि बजावलं, "ही हाय तवर दुसरीकडं बघायचं न्हाय."

रुद्राप्पांनी ते इतकं मनावर घेतलं की चौतीस वर्षं खरंच दुसरीकडं बघितलं नाही. घरचं सुतारकामसुद्धा त्याच फूटपट्टीनं. देव्हारा केला, तो कोनाड्यात शिरेना. त्यांची बायको रत्नव्वा हुशार. फूटपट्टी चुकली असं नवरा मरेपर्यंत म्हणणार नाही हे ओळखून तिनं गवंडी बोलावला आणि कोनाडाच रुंद करून घेतला. लेक विद्याश्री झाली तेव्हा सागवानी पाळणा केला, तोही त्याच मापानं. पाळण्याला कशात शिरायचं नव्हतं, म्हणून त्याची चूक कुणाला दिसली नाही.

विद्याश्रीचं लग्न धारवाडला ठरलं. घर गाण्याबजावण्याचं होतं. रुद्राप्पांना फार बरं वाटलं. ज्या वाटेनं ते पेटी घेऊन आले त्याच वाटेनं लेक निघाली होती, तेव्हा वडिलांचा सूर तिच्याबरोबर माघारी जावा असं त्यांच्या मनानं घेतलं. पण पेटीची सुरांची फळी तेवढी शाबूत होती. बाकी खोकं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, सगळं वाळवीनं खाल्लं होतं. ते सगळं नवं करायचं, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी व्याह्यांसमोर भजनाला पेटी लेकीपुढं ठेवायची आणि तिनं ती वाजवायची, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं ते ठरवलं, वर पेठभर सांगूनही बसले.

वर्षानुवर्षं जपून ठेवलेले सागाचे तुकडे त्यांनी या कामात संपवले. लग्नाला नऊ दिवस उरले असताना पेटी जोडून झाली. भाता हलवला, खर्जाचा षड्ज दाबला आणि वडील खोकून शेजारी बसल्यासारखं त्यांना वाटलं. डोळे भरून आले. मग बोटं वरच्या सप्तकात गेली, तर शेवटच्या आठ पट्ट्या न दाबताच फुसफुसत होत्या. त्यांनी झडपांखालचं कापड बदललं, स्प्रिंगा आवळल्या. सकाळची दुपार झाली. फुसफूस काही थांबेना.

रत्नव्वा जेवायला बोलवायला आली. तिनं वाकून बघितलं. पट्ट्या डावीकडं बरोबर बसल्या होत्या, आणि उजवीकडं जाता जाता सुरांच्या फळीतल्या भोकांवरून सरकत गेल्या होत्या.

"अवो," ती म्हणाली, "ह्येचाबी देव्हारा झालाय."

रुद्राप्पा हातातल्या फूटपट्टीकडं बघत राहिले. जन्म ज्या कामात गेला त्यातली पहिली गोष्ट ते विसरले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"लोखंड आवळतंय," ते हळूच म्हणाले. "लाकूड न्हाय."

पट्ट्या पुन्हा करायच्या तर जुना, मुरलेला साग हवा होता. बाजारातलं ओलं लाकूड महिन्याभरात वाकडं झालं असतं. घरात तसं लाकूड एकाच ठिकाणी होतं, माळ्यावरच्या पाळण्यात. तो रत्नव्वानं विद्याश्रीच्या लेकरासाठी लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. रुद्राप्पा जेवले, हात धुतले, पण मागायचं धाडस त्यांना होईना. तिनंच तो खाली उतरवला.

"अगं, इद्याच्या लेकराला ठेवलायस न्हवं?"

"लेकरू यायचं हाय अजून. लगीन नऊ दिसांवर आलंय."

मग तिनं विद्याश्रीच्या शाळेच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची फूटपट्टी त्यांच्यापुढं टाकली, पोलादी उचलली आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. रुद्राप्पांनी पाळण्याच्या फळ्या सोडवायला घेतल्या.

आदल्या संध्याकाळी विद्याश्री पेटीवर बसली. आधी तिनं पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक दाबून बघितली, घरची हकीकत तिला माहीत होती. सगळ्या वाजल्या, आणि दाबल्यावरच वाजल्या. मग तिनं आजोबांचं कानडी भजन म्हटलं. शिवाजी पेठेत वाढलेल्या पोरीचं कानडी ते, ऐकून धारवाडची मंडळी गालात हसली. पण सूर ऐकून म्हाताऱ्या व्याह्यांनी मान डोलवली. रुद्राप्पा मांडवात सगळ्यांसमोर रडले.

गेल्या दिवाळीनंतर विद्याश्रीचा फोन आला. दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा पाळणा लागणार होता. रुद्राप्पा दुसऱ्याच दिवशी जुन्या घराच्या दाराचा साग शोधून घेऊन आले, पडवीत बसले आणि त्यांनी रत्नव्वाकडं फूटपट्टी मागितली. तिनं प्लॅस्टिकची आणून दिली.

"ही न्हवं. माजी."

"अवो, पुन्यांदा तेच?"

"लोखंड आवळतंय म्हणून माप मोठं धरत हुतो," रुद्राप्पा म्हणाले. "लेकरू तर वाढतंय की."

रत्नव्वानं कमरेची किल्ली काढली आणि ती ट्रंकेकडं गेली.