सिद्धाप्पाचं शेवटचं चौंडकं

“कातडं घाई करत न्हाय,” असं सिद्धाप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. चौंडकं म्हणजे लाकडी नळकांडं, त्याच्या एका तोंडाला बकऱ्याचं कातडं आणि कातड्यातून ओवलेली तात, म्हणजे आतड्याची तार. सोलापुरात कुणा जोगतिणीचं चौंडकं फाटलं की ती त्याचंच दार गाठी. ओलं कातडं ताणताना तो टिचकी मारी, कान लावी आणि नेमका थांबे. जास्त ताणलं तर कातडं वाळताना लाकूडच फोडतं.

पण मिलमध्ये काम करताना मागांच्या खडखडाटानं त्याचे कान खाऊन टाकले होते. हे ठाऊक होतं एकट्या अंबुबाईला, त्याच्या बायकोला.

त्या उन्हाळ्यात महादेवी जोगतीण आली. “कातडं नवं घाला, दादा. लाकडाला मातुर जपा. माजी गुरुबाई गेली, तिचं म्हनून येवढंच हाय.”

तिच्या ओठांकडं बघत सिद्धाप्पानं मान हलवली.

ती गेल्यावर अंबुबाई त्याच्या कानाशी ओरडली, “परत द्या की ते!”

“हाताला समदं ठावं हाय.”

“हाताला कान फुटल्यात व्हय?”

त्यानं लाकडाला जबडा टेकवून टिचकी मारली. हाडात काहीतरी घुमलं. अंबुबाईनं हातानं ‘बास’ केलं. त्याला ते ढिलंच वाटलं. त्यानं आणखी एक ओढ दिली आणि चौंडकं सावलीत टांगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गरम वारं सुटलं आणि कडाड् आवाज झाला. अंबुबाईच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. सिद्धाप्पा चौंडक्याला पाठ करून, हातभर अंतरावर, कातड्याची वादी कापत बसला होता. तो कापतच राहिला.

चौंडकं न्यायला आलेल्या महादेवीनं वरपासून खालपर्यंत गेलेली भेग बोटानं चाचपली.

“फुटायच्या आदी लाकूड करकरलं आसंल की! तवाच कातडं ढिलं करायचं.”

“त्येस्नी कुटलं ऐकू येतंय, बाई,” अंबुबाई म्हणाली.

महादेवी त्याच्या तोंडासमोर आली. “मंग घेतलं कशापायी?”

“न्हाय म्हनलो आसतो,” सिद्धाप्पा म्हणाला, “तर मी उरलो काय आसतो?”

भंगलेलं चौंडकं छपराखाली ठेवत नाहीत, पाण्याला देतात. महादेवीनं ते पदरात घेतलं, उंबऱ्यापर्यंत नेलं आणि माघारी येऊन त्याच्या हातात दिलं.

“तुमीच सोडा. माज्यानं न्हाय व्हायचं.”

चौंडकं छातीशी धरून सिद्धाप्पा तळ्याच्या वाटेला लागला. मागून आलेला टांगेवाला ओरडत राहिला, शेवटी शिव्या देत टांगा कडेला घालून निघून गेला. सिद्धाप्पा रस्त्याच्या मधूनच चालत होता. दारातून दोघी बघत होत्या.