मैदानाकडे पाठ

शिट्टी वाजली की आम्ही सगळे मैदानाकडे तोंड करून बसायचो आणि हा एकटा माणूस मैदानाकडे पाठ करायचा. सिल्वाशातल्या डोकमर्डीच्या चहावाल्याकडून आणलेलं स्टूल बरोबर रेषेवर ठेवायचं, त्यावर मांडी घालून बसायचं आणि समोर चिंचेखाली उभ्या असलेल्या दोन्ही संघांच्या सरांकडे टक लावून बघायचं. मागे बावीस पोरं फुटबॉल खेळतायत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हिवाळ्यात दर रविवारी निदान दोनदा तरी बॉल त्याच्या पाठीत बसायचा. तो वळायचासुद्धा नाही. कपातला चहा सांडला नाही ना एवढंच बघायचा.

"बॉल कोणीही बघतं, भो," तो म्हणायचा. "मी शिकवणाऱ्याला बघतो."

तुम्ही म्हणाल, हा कोण मोठा लागून गेला. धुळ्याकडचा माणूस, सूत कारखान्यात तपासनीस. दिवसभर दिव्याखाली धाग्याच्या बॉबिन फिरवून बघायच्या, चांगल्या एका पेटीत, बऱ्या दुसऱ्या पेटीत, उरलेल्यांवर रिजेक्टचा शिक्का. आठवडाभर हेच केल्यावर रविवारी हात शिवशिवत असणार. मग त्याने आसपासच्या शाळांचे अकरा संघ शिकवणारे अकरा सर घेतले आणि त्यांना नंबर लावले. आम्ही त्याला नंबरवाले भाऊ म्हणू लागलो. खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असेल. आम्हाला कधी लागलं नाही.

यादी लागायची चहावाल्याच्या फळ्यावर, भजी आणि खारीच्या खाली. लिहायचो मी. शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकून होतो, अक्षर वळणदार, आणि उद्योग तरी दुसरा काय होता? नव्वदच्या आगेमागे सिल्वाशात संध्याकाळी करण्यासारखं फार काही नव्हतं. जे होतं ते सरकारी नोकराने करण्यासारखं नव्हतं.

त्याचे निकष ऐका. गोल खाल्ल्यावर सर आधी कोणाकडे बघतो. बाहेर काढलेल्या पोराला बसायला जागा देतो का. मध्यंतरात पाणी आधी कोण पितं. जिंकण्याला गुण शून्य. एकदा एक सर, सलग पाच मॅचेस जिंकलेले, मिशीला पीळ देत फळ्यापाशी आले.

"भाऊ, पाचही जिंकलो. आणि मी आठवा?"

"पोरं जिंकली, सर."

"मग मी काय केलं म्हणता?"

"चप्पल फेकली. दोनदा. एक तं लागली पण."

सर तोंडातल्या तोंडात गुजरातीत काहीतरी बोलून गेले. पण पुढच्या रविवारी बूट घालून आले, नाडी दुहेरी बांधून. असा दरारा. पाण्याचा तांब्या ओठाला लावलेला सर, स्टुलावरचा माणूस बघतोय हे ध्यानात येताच, तोच तांब्या पोरापुढे धरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. तहानेने जीव जात होता बिचाऱ्याचा.

नियम एकच. डिसेंबरात लागलेली यादी मार्चपर्यंत पुसायची नाही. "शिक्का मारला तं मारला," तो म्हणायचा. "तपासणाराच डळमळला तं सुताचं काय?"

त्या वर्षी अकराव्या नंबरावर किलवणीच्या शाळेचे सर होते. शेरा त्याने सांगितला आणि मी लिहिला: 'मॅचला उभेच नसतात.' खरंच, चिंचेखाली किलवणीच्या बाजूला एक पाण्याची कळशी आणि चपलांचा ढीग, बस. सर कधी दिसायचे नाहीत. संघही हरायचा, अगदी नेमाने.

आता माझा पराक्रम सांगतो. कचेरीत आमचे साहेब मुंबईहून आलेले, कडक इस्त्रीचे. दर उन्हाळ्याआधी तात्पुरत्या शिक्षकांच्या फायली निघायच्या. कोणाला मुदतवाढ द्यायची, कोणाला नाही. साहेबांनी किलवणीच्या सरांची फाइल उघडली आणि सहज विचारलं, "हे कसे आहेत हो? खेळाचे शिक्षक आहेत."

आणि मला विनोद सुचला. माझ्या आयुष्यातली बरीच संकटं अशीच सुरू झालीत.

"साहेब, गावची यादी आहे. अकरा जणांत अकरावे. मॅचला उभेच नसतात."

साहेब हसले नाहीत. फाइलवर पेन्सिलीने बारीक लिहिलं: 'गैरहजर राहतात. मुदतवाढ देऊ नये.' शाईने सोमवार-मंगळवारात करू, म्हणाले, आणि दुसरी फाइल ओढली. मी उभाच. किलवणीच्या एका पाड्यातून शिकून नोकरीला लागलेला हा पहिला माणूस. दीड वर्षापूर्वी हजर व्हायला आला तेव्हा अर्ज माझ्याच टेबलावर दिला होता. पेन परत देताना आधी शर्टाला पुसलं होतं.

संध्याकाळी फळ्यापाशी मी नंबरवाल्या भाऊला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. तो बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला. चहा केव्हाच गार झाला होता.

"ती पोरं प्रत्येक मॅच हरतात," तो म्हणाला. "तरी पुढच्या रविवारी अकराच्या अकरा येतात. सर येत नाही, तं मग ही कोणासाठी येतात, भो?"

"मला काय माहीत? बघणारे तुम्ही."

हे मी बोलायला नको होतं.

रविवारी किलवणीची मॅच होती. स्टूल रेषेवर ठेवलं, तो बसला, शिट्टी झाली. मग उठला, स्टूल उलटं फिरवलं आणि मैदानाकडे तोंड करून बसला. चहावाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली. कोणीतरी मागून म्हणालं, "भाऊंना बरं नाही वाटत."

दहाव्या मिनिटाला किलवणीवर गोल झाला. आमच्या मैदानाला जाळी कसली, बांबूचे दोन खांब आणि मागे भात कापलेलं शेत. बॉल थेट शेतात गेला. किलवणीचे दहा जण मान खाली घालून मधल्या रेषेकडे चालू लागले. गोलकीपर तिथेच, गुडघ्यांवर हात टेकून. तेवढ्यात खांबामागून एक सडपातळ माणूस उठला, धसकटांतून अनवाणी पळत जाऊन बॉल घेऊन आला, गोलकीपरच्या हातात दिला, त्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि परत खांबामागे उकिडवा बसला.

"याला तं मी दोन हिवाळे बघतोय," भाऊ हळूच म्हणाला. "येताना-जाताना. मला वाटलं शेतावरचा गडी आहे."

मध्यंतरात आम्ही दोघं तिकडे गेलो. ते किलवणीचे सरच होते, गडबडून उभे राहिले.

"सर, तुम्ही इथे का बसता?" भाऊने विचारलं. "तिकडे सावली आहे."

"गोल झाला की दहा जण निघून जातात," सर म्हणाले. "बॉल आणायला गोलकीपर एकटा जायचा. जाताना सगळे त्याच्याकडे बघतात, येताना पण. पहिल्या मॅचला सात वेळा गेला. मग म्हणाला, सर, मी शाळाच सोडतो."

"मग?"

"मग बॉल मी आणतो. त्याने फक्त उभं राहायचं."

भाऊने सरांच्या पायांकडे पाहिलं. धसकटांनी ओरबाडलेले होते.  मॅच संपेपर्यंत तो थांबला नाही. मी चहाच्या टपरीवर पोचलो तेव्हा तो फळ्यासमोर उभा होता आणि अकरावी ओळ शर्टाच्या बाहीने पुसत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी कारखान्यातली पाळी चुकवून तो कचेरीत आला, पायातल्या चपला दाराबाहेर काढून. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपण?"

"सूत तपासतो, साहेब. चांगल्या मालावर रिजेक्टचा शिक्का मारला माझ्या हातून. तो तुमच्या फायलीत आला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेरचं झाड निरखलं.

"तुमच्या म्हणण्यावर फायली चालत नाहीत," साहेब म्हणाले.

"गेल्या आठवड्यात चालली, साहेब."

 मला वाटलं, सरांबरोबर माझीही नोकरी गेली.

"कारखान्यात असं झालं तर काय करता?" साहेबांनी विचारलं.

"माल परत दिव्याखाली धरतो. रविवारी चार वाजता या. शाई तेवढी त्यानंतर करा."

साहेब आले. इस्त्रीची पँट, काळे बूट. भाऊ त्यांना चिंचेखाली बसू देईना. सरळ खांबामागे घेऊन गेला. किलवणी त्याही दिवशी हरली, तीन गोलांनी. दोन बॉल सरांनी आणले. तिसरा लांब बांधापलीकडे गेला आणि सर तेव्हा गोलकीपरला हाताला धरून उठवत होते. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि स्वतः निघाले. शिक्षण खात्याचा अधिकारी धसकटांतून धावतोय आणि अख्खं मैदान टाळ्या पिटतंय. आणताना त्यांनी बॉल पोटाशी धरला होता, देवाच्या मूर्तीसारखा.

सोमवारी त्यांनी फाइल मागवली. "तुमच्याकडे रबर आहे का?" म्हणाले. माझ्याकडे तीन होते. तिन्ही दिले. मुदतवाढ झाली आणि दोन वर्षांनी सर कायम झाले.

पुढच्या मोसमाची गंमत तुम्हाला सांगितली नाही तर झोप लागणार नाही. पहिल्याच रविवारी प्रत्येक मॅचला दोन्ही संघांचे सर चिंच सोडून खांबांमागे जाऊन उकिडवे बसले. चप्पलवाले सर तर अनवाणी. चिंचेखाली चिटपाखरू नाही.

भाऊने एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला. "नकली माल," म्हणाला, आणि सगळ्यांना एकेक नंबर खाली उतरवलं. पहिली ओळ रिकामीच सोडावी लागली मला. यादीत किलवणीच्या सरांचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

पुढे कारखान्यातलं त्याचं तपासणीचं खातं बंद झालं आणि तो धुळ्याकडे परत निघाला. बसस्टँडवर पोचवायला मी होतो. किलवणीचे सर सायकलवरून आले, घामाघूम. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. पिशवी वर ठेवून झाल्यावर त्यांनी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं.

"भाऊ, मला परत नंबर लावलाच नाही तुम्ही."

"लावणार कसा, सर? आधी तपासणाऱ्याचा लावावा लागेल. तो काही अकराव्याच्या वर येत नाही."

"तरी?"

"बघतोय अजून," तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.

बस फाटकातून बाहेर पडली, वळली, वापीच्या रस्त्याला लागली. सर ताठ उभे होते, हात वर. धूळ खाली बसली तरी हात वरच.

"चला सर, चहा घेऊ," मी म्हटलं.

"थांबा," ते म्हणाले. "मागच्या काचेतून बघत असतील."

मीही शर्ट नीट केला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.