पाटावरचा सर्व्हर
झेंडूच्या हाराचा वास आला, की मला राइस मिलच्या ऑफिसातली माझी पहिली खंडेनवमी आठवते. सर्व्हर सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर मी बसवलं होतं आणि ऑफिसातल्या सगळ्या सर्व्हरची यादी चार वाजेपर्यंत नागपूरच्या साहेबांना पाठवायची होती. त्यावरच माझी नोकरी पक्की होणार होती. सर्व्हर सहा होते, यादीत मात्र पाचच येत होते. मी पासवर्ड बदलले, सर्व्हर शोधणारं स्कॅन पुन्हा पुन्हा चालवलं. सर्व्हरच्या खोलीची चावी मागायचाही मला संकोच वाटे, म्हणून दोन तास खुर्चीतच गेले. उघड्या खिडकीतून धानाचा कोंडा कीबोर्डवर येऊन बसत होता. चहा घेऊन आलेले शिपाईकाका म्हणाले, "काऊन एवढी घाबरून राहिली, बेटा?" मी हळूच म्हटलं, "एक सर्व्हर सापडत नाही." "कसा सापडन? तो पूजेत बसला आहे." मी त्यांच्यामागे खाली गेले, तर पाटावर, वजनकाट्याशेजारी, हळदकुंकू लावलेला आमचा सर्वांत छोटा सर्व्हर होता. काका म्हणाले, "सगळ्यायले हार कोण घालन? एकाले घातला का सगळ्यायले पोचते. पण उद्यापर्यंत हलवायचा नाही." मग काकांनीच लांब केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड आणला, आणि मी पाटाजवळ मांडी घालून सर्व्हर तिथेच जोडला आणि स्कॅन चालवलं. पावणेचारला सहा नावं दिसली. ठिकाणाच्या रकान्यात मी 'पूजेचा पाट' लिहिलं. साहेबांनी उत्तर पाठवलं, 'प्रसाद ठेवा.' नोकरी पक्की झाली. आता एखादं मशीन सापडलं नाही, की सेटिंग उघडण्याआधी मी काकांना विचारून येते.