पुतणीचे हात

"बंद कर तो नळ! टाकी तळाला गेली की गं! काहून जीव खाऊन राहिलीस?"

वहिनी अंगणातून ओरडत होती आणि माझी नववीतली पुतणी नळाखाली हात चोळतच होती. त्या उन्हाळ्यात तिनं इतकं पाणी वाहवलं, की वसमतच्या शिवारात जहाज चाललं असतं. मी पाहिलं नाही, पण शपथेवर सांगेन.

आम्हाला वाटलं, हळद. हळद शिजवायच्या दिवसांत आमच्याकडं माणसं, म्हशी, चहा, सगळंच पिवळं. पोरगी वयात आलेली, वर्गात मैत्रिणी हसत असतील, असा आम्ही निकाल लावून टाकला. कुणी लिंबू सांगितलं, कुणी रॉकेल. दादानं तिला हळदीला हात लावू नको म्हणून बजावलं.

हळद मोंढ्याच्या बाजारात विकली गेली, अंगण झाडून झालं. पोरगी नळावरच. बोटांच्या भेगांतून रक्त येऊ लागलं. घास वहिनीनं भरवायचा, पेन धरवेना म्हणून शाळा सुटली. नळाचा आवाज आला की मी जेवता जेवता उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो.

"हिंगोलीला नेतो, मनाच्या डॉक्टरकडं," मी म्हणालो.

"लेकराला येडी ठरवून राहिला का? उद्या सोयरीक कोण करंल?" दादा उसळला.

"गावाला सांगू, चामडीच्या डॉक्टरकडं चाललो."

एसटीत मी तिच्या खरजेची अशी बहारदार कथा रचली, की आजूबाजूची बाकडी आपोआप मोकळी झाली. पुतणी खिडकीबाहेर बघत, ओढणीला हात पुसत होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "हात नाही धुतले, तर काय होईल असं वाटतं?"

"आई मरल."

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

बाई म्हणाल्या, हा आजार आहे, नाटक नव्हे. नको तो विचार डोक्यात अडकतो. हात धुतले की घटकाभर सुटतो, मग आणखी घट्ट बसतो. ओरडून जात नाही, आणि 'काही होत नाही गं' असं सारखं सांगूनही जात नाही. धुणं थोडं थोडं लांबवायला तिला शिकवू, लागल्या तर गोळ्या देऊ.

घरी दादा दारातच येरझाऱ्या घालत होता. "झालं ना? आता पुन्हा जायचं काम न्हाई ना?"

मी घसा खाकरला, मोठी गोष्ट तयारच होती. तेवढ्यात पुतणीच म्हणाली,

"गुरुवारी जायचंय. आईलाबी बोलावलंय."