चौदा तारखेचा चौकोन

कुनिएदासान जपानातल्या आमच्या कारखान्यात प्रेस विभागाचे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचे, मुकादम. बोलायला महाकंजूस, पण दारातल्या फळ्यावर जीव. फळ्यावर महिन्याच्या तारखांचे एकतीस चौकोन क्रॉसच्या आकारात आखलेले होते. पाळी सुटताना ते रोज एक चौकोन रंगवायचे. कुणाला काही झालं नाही तर हिरवा, किरकोळ लागलं तर पिवळा, मोठा अपघात झाला तर लाल. पिवळा लागला की दुसऱ्या दिवशी ते मशीन बंद ठेवून तपासायचं, हा नियम. "बिघाड दारातून दिसला पाहिजे," एवढंच ते नव्या माणसाला सांगायचे.

त्या नोव्हेंबरात दोनशे नव्याण्णव दिवस सलग हिरवे झाले. तीनशेवा झाला की मोठे साहेब मानपत्र घेऊन येणार होते. आणि नेमका त्याच दिवशी, चौदा तारखेला, चार नंबरचा प्रेस बटण न दाबताच खाली आला. त्यावर काम करणाऱ्या मुरासेचं बोट थोडक्यात वाचलं, नुसतं कातडं सोललं. तो रक्त धुवायला नळावर गेला. कुनिएदासाननी पिवळा रंग उचलला.

"अहो, वेड लागलंय का?" त्यांच्या हाताखालचा मी त्यांच्या कानाशी लागलो. "कांदा चिरताना माझ्या बायकोला याहून जास्त लागतं!"

"पण प्रेस आपोआप आला ना?"

"रविवारी मी स्वतः प्रेस उघडून बघतो. माझ्यावर सोडा."

त्यांनी पिवळा खाली ठेवला. मग त्यांनी हिरवा लावला.

रविवारी मी गळ टाकायला गेलो.

सोमवारी त्याच प्रेसनं मुरासेच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. ऑफिसनं फळा बघितला. सगळे दिवस हिरवे, म्हणजे मशीन धडधाकट, म्हणजे चूक मुरासेचीच! तसा अहवालच लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कवायतीला सगळे रांगेत उभे होते. कुनिएदासान फळ्याकडे गेले आणि चौदाच्या हिरव्यावर त्यांनी पिवळा फासला. रंग शेवाळासारखा घाण उतरला.

"हिरवा लावायला कुणी सांगितलं होतं?" मॅनेजर ओरडला.

"कुणी नाही. मीच लावला."

मी दुसऱ्या रांगेत होतो. तोंड उघडलं नाही. थू माझ्या जिंदगीवर!

त्यांना गोदामात खोकी उचलायला धाडलं. मुरासेवरचा ठपका पुसला गेला, पण त्यानं पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नाही. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा उदबत्ती लावायलाही तो आला नाही.

फळा आता माझ्याकडे आहे. रंग लावण्याआधी मी सगळ्यांना दोन्ही हात वर करायला लावतो. पोरं हसतात. मी मोजतो, पुन्हा मोजतो, तरी वाटतं कुणीतरी एक हात पाठीमागे लपवलाय. माझा हिरवा रंग उचलायला हात धजत नाही.

मुरासे इस्पितळात होता तेव्हा मी रोज जाऊन त्याला भरवायचो. त्याची आठवण ठेवून तो दर हिवाळ्यात अंगणातली संत्री पाठवतो. चिठ्ठी डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं वेडीवाकडी: "त्या दिवसांत माझ्या बाजूनं तुम्ही एकटेच होतात."

बायको संत्री सोलून पुढे ठेवते. मी खातो.