डावीकडे ओढणारं स्टिअरिंग

रागिणीकाकूचं लग्नाआधी अकोल्यात कोणाशी तरी होतं, ही बातमी अमरावतीतल्या त्या गल्लीत केशरबाईंनी आणली. केशरबाई बातमी सांगताना आधी पदर सावरतात, मग घसा, आणि मग म्हणतात, "मी तं बाई काईच म्हणत नाई." त्यानंतर अर्धा तास तेच सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रागिणी शिकवणीच्या नावाखाली रोज दुपारी टिळक रोडमागच्या एका बोळात शिरायची आणि लालबुंद गालांनी घरी परतायची. यंदा काकूच्या घरी सुताराची ये-जा सुरू झाली, आतल्या खोलीच्या दाराला पडदा लागला, आणि जुन्या बातमीला नवी पालवी फुटली.

आता खरं सांगायचं तर बोळ खरा, दुपार खरी, लाल गालही खरे. फक्त माणूस नव्हता. मशीन होतं.

त्या बोळात वलीचाचाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यात एक गाडीचं मशीन होतं: बसायला सीट, समोर पडदा, पायात एक्सलेटर आणि हातात स्टिअरिंग. पडद्यावर लाल गाडी पळायची. वेळेत टप्पा गाठला तर पुढची वेळ मिळायची, नाही गाठला तर खेळ खलास. रागिणी आपली लांब वेणी सीटमागे अडकू नये म्हणून पुढे मांडीवर घ्यायची, एक नाणं टाकायची आणि पार शेवटच्या टप्प्यापर्यंत जायची. मागे ताटकळलेले पोट्टे कुरकुरायचे, उठ ना वो आता, आमाले बी घर हाये. ती उठायची नाही.

मग लग्न झालं. अमरावतीला आली, पुढच्या खोलीत पिको-फॉलचं मशीन टाकलं, आणि साऱ्या गल्लीच्या साड्यांच्या कडा तिच्या सुईखालून जाऊ लागल्या. संसार नीट झाला. पण जे केलं ते करावं लागतं म्हणून केलं, असं तिला कधी कधी फॉल उसवताना वाटायचं. आपण सगळ्यांत भारी होतो ती गोष्ट एकच, आणि तीही इथे कोणी पाहिलेली नाही. त्यातही एक शंका होती, जी तिनं नवऱ्याला, गजेंद्रकाकांनाही कधी सांगितली नव्हती: आपण भारी होतो, की ते मशीनच सोपं होतं?

म्हणून तर सुतार. जुन्या शोकेसच्या प्लायवूडमधून त्यानं त्या गाडीच्या मशीनसारखंच सीटवालं खोकं केलं. बैठकीतला टीव्ही आत गेला, त्यावर तोच जुना खेळ चढला, गजेंद्रकाका बातम्या मोबाइलवर पाहू लागले. सगळं जमलं, फक्त स्टिअरिंग राहिलं.

ते आणायचं काम नितेशचं. हा काकूच्या बहिणीचा मुलगा. कॉम्प्युटरचं दुकान चालवतो आणि घरातही गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा बोलतो: "मावशी, मी काय सजेस्ट करतो." त्यानं दोन स्टिअरिंग आणून टेबलावर ठेवली. मोठं होतं ते खऱ्या गाडीसारखं अडीच वेळा फिरायचं. आत मोटर होती. रस्त्यातला खड्डा हाताला कळतो, असं नितेश कौतुकानं सांगत होता.

"खड्ड्यासाठी मशीन कायले पायजे रे?" काकूनं विचारलं. "बाहेर गाडी काढ ना."

तरी तिनं ते फिरवून पाहिलं. एसटी वळवल्यासारखं वाटलं. मग तिनं धाकटं हातात घेतलं. त्यात मोटर नव्हती, नुसती स्प्रिंग. पाऊण फेरी फिरायचं, टोकाला टक् करून थांबायचं, सोडलं की आपलं आपण मधे यायचं. त्या टक् आवाजाला काकूचे हात ओळखत होते. तिनं हेच लावायला सांगितलं, सीटवर बसली, आणि पहिल्याच वळणावर गाडी उजव्या भिंतीवर आदळली. पुन्हा खेळली. पुन्हा उजवी भिंत. संध्याकाळपर्यंत ती भिंत काही हलली नाही.

नितेश म्हणाला, मावशी, हात गेला आता, मोठंच घ्या, ते आपल्याले सांभाळून घेते. दोऱ्याचं टोक दातानं तोडावं तसा काकूनं नुसता ओठ चावला.

समोरच्या घरातली आचल तेव्हा आतल्या खोलीच्या खिडकीतून डोकावत होती. ही आचल म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करणारी कार्टी, आणि हे लिहिणारीही तीच. तिनं तिथूनच पैज लावली, की काकूच्यानं एक टप्पाही पार होणार नाही. झाला तर आचल महिनाभर कोणाची नक्कल करणार नाही. काकू म्हणाली, "मंजूर. आता खिडकी लाव."

रविवारी ती अकोल्याला गेली. बोळ तोच होता, पण दुकानात आता सायकली टांगल्या होत्या आणि वलीचाचा पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टोपल्यापाशी बसले होते. दाढी पांढरी झाली होती. चष्म्यावरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लाल गाडीवाली?"

तिनं मान डोलावली. मग तिनं सरळच विचारलं, ते मशीन सोपं होतं काय म्हणून.

चाचा हसायला लागले. "सोपं? अरे बेटा, त्याच्या स्टिअरिंगले मधे आणणारी स्प्रिंग कधीच तुटली होती. पार्ट भेटेना. मग म्या सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली, ते बी एकाच बाजूले. गाडी सारखी डावीकडे खेचे. पोट्टे शिव्या देऊन उठून जात. तू एकलीच उठे नाई. मले वाटे, सांगावं हिले. मग म्हटलं, कायले? चालवून राहिली ना."

म्हणजे डावीकडच्या ओढीला उजवीकडे सावरत सावरत ती शिकली होती. हात गेलेले नव्हते. हात अजून त्या पट्टीशीच झुंजत होते, आणि पट्टी नव्हती, म्हणून उजवी भिंत.

चाचांनी जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून दिली. परतीच्या एसटीत ती तिनं पर्समध्ये नाही, हातातच धरली, आणि बोटांना लावून ओढून पाहत राहिली.

घरी आल्यावर धाकट्या स्टिअरिंगचं झाकण उघडायला तिनं पाना मागितला. नितेश कळवळला, मावशी, वॉरंटी जाईल. "जाऊ दे," काकू म्हणाली, आणि पट्टी बांधली. डावीकडे.

खेळायला बसली तेव्हा दारात गजेंद्रकाका उभे, खुर्चीवर केशरबाई, मागे आचल. बसताना काकूचा हात आपोआप खांद्यावर गेला, वेणी पुढे घ्यायला. केस कधीचे आखूड झालेत. हात तसाच खाली आला आणि स्टिअरिंगवर बसला. पिकोच्या मशीनच्या पेडलवर ठेवावा तसा हलका पाय पडला आणि लाल गाडी निघाली. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. नितेशच्या तोंडचं सजेशन संपलं. काकूचे गाल हळूहळू लाल होत होते. शेवटचा टप्पाही गेला, तरी ती उठली नाही. पडद्यावर सगळं संपल्यावरही तशीच बसून राहिली.

केशरबाईंनी पदर सावरला. म्हणाल्या, अस्सं होय, मी तं काईच म्हणत नव्हती.

मग काकूनं आचलला सीटवर बसवलं. आचल पहिल्याच वळणावर डाव्या भिंतीत गेली.

पैज हरली ती हरली. महिनाभर तोंडानं कोणाची नक्कल काढायची नाही. लिहून काढायची नाही असं मात्र काही ठरलं नव्हतं.