मामाचे गाव कोणते?

केडगावच्या आमच्या छोट्या संगणक महाविद्यालयात ग्रंथालय सांभाळताना एक गोष्ट ध्यानात आली. पुस्तके परत येण्यासाठी पाठपुरावा करावा लागतो. किस्से आपणहून जमा होतात. शाळा मी सातवीत सोडली, वाचन सोडले नाही. म्हणून शेळके मॅडमचा नवा विषय, सायबर सुरक्षा, मी दाराशी बसून ऐकत असे. प्राचार्यांना तो विषय मान्य नव्हता. "एक सत्र बघू. उपयोग दिसला नाही, तर बंद," असे त्यांनी मॅडमना बजावले होते.

*

पहिल्याच तासाचा परिणाम कार्यालयावर झाला. लिपिक अण्णांनी संगणकाला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढून कपाटात कुलूपबंद केली. किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगली. खाली नवी चिठ्ठी लावली: 'पासवर्डच्या कपाटाची किल्ली'.

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, किल्ली खिशात ठेवा. मागणारा कोण, याची खात्री पटल्याशिवाय कोणालाही देऊ नका."

"आता बगाच तुमी," अण्णा म्हणाले.

*

सुनीता ही वर्गातील हुशार विद्यार्थिनी. तिची आई पाथर्डीकडची, ऊसतोडीला संगमनेरकडे गेलेली. त्या आईला एकाने फोन करून ओटीपी मागितला.

"सांगते की. पन तू कुनाचा रं?"

"मी बँकेचा मॅनेजर बोलतोय."

"व्हय, पन आडनाव काय? गाव कंचं? बरं, मामाचं गाव कंचं?"

मामाच्या गावाशी येताच फोन बंद झाला. सुनीताने हे वर्गात सांगितले, तेव्हा मॅडमनी हे तिन्ही प्रश्न फळ्यावर क्रमवार लिहिले. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते नाहीत. मी स्वतः शोधून पाहिले. दारातून डोकावणाऱ्या अण्णांनी मात्र ते वहीत उतरवून घेतले.

*

तरीही प्राचार्य बधले नाहीत. सत्राअखेरीस मुलांच्या मोबाईलवर त्यांचा आदेश आला: 'सायबर सुरक्षा विषय तात्काळ बंद. तासाला बसू नये.' दुसऱ्या दिवशी मॅडम संदर्भग्रंथ परत करण्यास माझ्याकडे आल्या. पाहतो तर शेजारचा वर्ग गच्च भरलेला, आणि प्राचार्य दारात उभे.

"माझा आदेश वाचला नाही?"

सुनीता उठली. "वाचला, सर. अनोळखी नंबर, घाईची भाषा आणि खाली तुमचं नाव. आम्ही लगेच ओळखलं. सगळ्यांनी नंबर ब्लॉक केलाय."

"अगं, तो माझाच नवा नंबर आहे."

"फसवणाराही असंच म्हणाला असता, सर. ओळखपत्र आहे का?"

प्राचार्यांनी खिसे चाचपले. ओळखपत्र कार्यालयातील कपाटात होते. त्यांनी अण्णांना बोलावले.

"अण्णा, कपाटाची किल्ली द्या."

अण्णांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि वही उघडली.

"देतो की, सर. पन आदी सांगा, मामाचं गाव कंचं?"